मुदतवाढ म्हणजे करमाफी नव्हे!
साथीच्या काळात विवरणपत्रांच्या तारखा सरकल्या. करदाते आणि करसल्लागार यांच्या पदरात काय पडले?

विशेष प्रतिनिधी
मुंबई

कोरोनाच्या साथीत शाळा, न्यायालये आणि लोकलगाड्यांप्रमाणेच करव्यवस्थेचे वेळापत्रकही पार विस्कटले. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत प्राप्तिकर विवरणपत्रे, लेखापरीक्षण अहवाल, टीडीएसची तिमाही पत्रके, जीएसटीची मासिक विवरणपत्रे अशा जवळपास प्रत्येक पूर्ततेची अंतिम तारीख एकदा नव्हे, अनेकदा बदलली. प्रत्येक वेळी 'करदात्यांना दिलासा' असा मथळा झळकला आणि बहुसंख्य नोकरदार व व्यापाऱ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला, तो म्हणजे आता घाई नाही.

मात्र मुदतवाढीच्या आदेशात सारेच काही पुढे गेलेले नसते. विवरणपत्राची तारीख सरकली तरी कराची तारीख अनेकांसाठी सरकली नव्हती. मुदत केवळ करदात्याला नव्हे, तर करविभागालाही मिळाली होती. आणि एकाच दिवशी अनेक तारखा येऊन आदळल्याने ज्यांच्या खांद्यावर हे काम होते, त्या सनदी लेखापाल व करसल्लागारांचा भार हलका होण्याऐवजी वाढला. पुन्हा कधी साथ, पूर वा अन्य आपत्तीमुळे तारखा पुढे ढकलल्या गेल्या, तर आदेश कसा वाचावा, हे समजण्यासाठी त्या दोन वर्षांचा अनुभव उपयोगी आहे. (या लेखात उल्लेखिलेल्या प्राप्तिकराच्या तरतुदी त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यातील आहेत.)

टाळेबंदीपूर्वीचे काही तास

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २४ मार्च २०२० रोजी दुपारी पत्रकार परिषद घेऊन पहिल्या सवलती जाहीर केल्या. त्याच रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली. आर्थिक वर्ष संपण्यास तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. आर्थिक वर्ष २०१८-१९ चे विलंबित विवरणपत्र, करबचतीची गुंतवणूक, पॅन व आधारची जोडणी, 'विवाद से विश्वास' योजनेतील अर्ज अशा अनेक गोष्टींची ३१ मार्च हीच अखेरची तारीख होती. ती ३० जून २०२० पर्यंत नेण्यात आली. या काळात उशिरा भरलेल्या करावरील व्याजाचा वार्षिक दर १२ किंवा १८ टक्क्यांऐवजी नऊ टक्के करण्यात आला.

घोषणा झाली तरी तिला कायद्याचा आधार हवा होता. संसदेचे अधिवेशन २३ मार्च रोजीच संस्थगित झाले होते. त्यामुळे ३१ मार्च रोजी राष्ट्रपतींनी अध्यादेश जारी केला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये त्याची जागा संसदेने संमत केलेल्या कायद्याने घेतली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला कलम ११९ अन्वये मुदत शिथिल करण्याचा अधिकार एरवीही असतो आणि पुढच्या वर्षी मंडळाने तोच वापरला. पण २०२० मध्ये एकाच वेळी अनेक कायद्यांतील कालमर्यादा हलवायच्या असल्याने स्वतंत्र कायदा करणे भाग पडले. या कायद्याची भाषा करदाता आणि अधिकारी या दोघांनाही लागू होणारी होती. त्याचे परिणाम पुढे चार वर्षे न्यायालयांत गाजले.

तारखांचा प्रवास

आर्थिक वर्ष २०१९-२० चे, म्हणजेच करनिर्धारण वर्ष २०२०-२१ चे उदाहरण घेऊ. ज्यांना लेखापरीक्षण लागू नाही, अशा सर्वसाधारण करदात्यांची मूळ तारीख ३१ जुलै २०२० होती. २४ जून रोजी ती ३० नोव्हेंबर झाली, २४ ऑक्टोबर रोजी ३१ डिसेंबर झाली आणि ३० डिसेंबर रोजी, म्हणजे मुदत संपण्यास एक दिवस उरला असताना, १० जानेवारी २०२१ झाली. लेखापरीक्षण लागू असलेल्यांची तारीख याच क्रमाने अखेर १५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत गेली.

दुसरी लाट ऐन भरात असताना, २० मे २०२१ रोजी, मंडळाने पुढील वर्षाच्या तारखा बदलल्या. ३१ जुलै २०२१ ऐवजी ३० सप्टेंबर अशी नवी तारीख ठरली. त्यानंतर ९ सप्टेंबर रोजी ती ३१ डिसेंबर २०२१ झाली. लेखापरीक्षण अहवालाची मुदत आधी १५ जानेवारी २०२२ आणि ११ जानेवारीच्या परिपत्रकाने १५ फेब्रुवारी २०२२ अशी वाढली. त्या करदात्यांची विवरणपत्रे १५ मार्च २०२२ पर्यंत स्वीकारली गेली.

या दुसऱ्या वर्षातील मुदतवाढीला साथीबरोबरच आणखी एक कारण होते. प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून अडखळू लागले. अखेर २३ ऑगस्ट रोजी ते विकसित करणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अर्थमंत्र्यांनी पाचारण केले आणि १५ सप्टेंबरपर्यंत दोष दूर करण्यास सांगितले. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत सुमारे पाच कोटी ८९ लाख विवरणपत्रे दाखल झाली. त्यांतील ४६ लाखांहून अधिक एकट्या शेवटच्या दिवशीची होती. मुदत पाच महिन्यांनी वाढली तरी शेवटच्या दिवसाची गर्दी टळली नाही, हे या आकड्यावरून दिसते.

एका तारखेला बांधलेल्या अनेक तारखा

प्राप्तिकर विवरणपत्र ही साखळीतील शेवटची कडी असते. आधी मालकाने टीडीएसचे तिमाही पत्रक भरायचे, त्यातून कर्मचाऱ्याचा फॉर्म १६ तयार व्हायचा, तीच कपात फॉर्म २६एएसमध्ये उमटायची आणि मग विवरणपत्र भरता यायचे. २०२० मध्ये शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस पत्रकाची मुदत ३१ जुलै आणि फॉर्म १६ देण्याची मुदत १५ ऑगस्ट करण्यात आली होती. म्हणजे विवरणपत्राला नोव्हेंबरपर्यंतचा अवधी दिसत असला, तरी त्यातील सुरुवातीचा काही काळ अनेक नोकरदारांच्या हाती आवश्यक कागदच नव्हते. वाढलेली मुदत कागदावर चार महिन्यांची होती, प्रत्यक्षात ती बरीच कमी भरली.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या तारखा स्वतंत्रपणे पुढे ढकलल्या आणि त्यातील बऱ्याच एकाच दिवसावर येऊन थांबल्या. ऑक्टोबर २०२० अखेरच्या स्थितीनुसार ३१ डिसेंबर २०२० या एका दिवशी पुढील कामांची मुदत संपत होती : सर्वसाधारण करदात्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे, व्यापाऱ्यांचे करलेखापरीक्षण अहवाल, आर्थिक वर्ष २०१८-१९ चे जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र, कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि 'विवाद से विश्वास' योजनेतील घोषणापत्र. एरवी ही कामे जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी वर्षभर विखुरलेली असतात. लहान करसल्लागाराकडे ती सारी तीच चार-पाच माणसे करीत असतात. एकेक मुदतवाढ स्वतंत्रपणे पाहिली तर सवलत होती. सगळ्या एकत्र आल्यावर मात्र ती कोंडी ठरली.

करसल्लागारांच्या कार्यालयात

करदात्यांच्या वतीने कागद तयार करणाऱ्यांपुढील अडचणी कोणत्या होत्या? पहिली अडचण कार्यालयात पोहोचण्याची. मुंबईची लोकल मार्च २०२० मध्ये बंद झाली. १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत प्रवेश मिळाला. म्हणजे त्या वर्षीच्या विवरणपत्रांचा जवळजवळ संपूर्ण हंगाम लोकलविना गेला. फोर्ट वा काळबादेवीत कार्यालय आणि कर्मचारी डोंबिवली, बदलापूर, विरारला, अशी स्थिती असलेल्यांना घरून काम करण्यावाचून पर्याय नव्हता.

पण घरून काम करण्यासाठी आकडे घरी असावे लागतात. अनेक व्यापाऱ्यांचे हिशेब दुकानातील संगणकावर, टॅलीत. बिले व व्हाउचर फायलींत. आणि दुकान बंद. अहवाल दाखल करण्यासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरी एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. ते टोकन कार्यालयाच्या कपाटात अडकले, तर तयार अहवालही दाखल करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या विवरणपत्राच्या पडताळणीसाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो क्रमांक जुना किंवा बंद असेल, तर सही करून टपालाने बेंगळुरूला पाठविण्याचा मार्ग उरतो, आणि टाळेबंदीत टपालही रखडलेले होते. पडताळणीअभावी अडकलेल्या जुन्या विवरणपत्रांची संख्या मोठी असल्याने मंडळाने जुलै २०२० मध्ये परिपत्रक काढून करनिर्धारण वर्ष २०१५-१६ ते २०१९-२० पर्यंतच्या विवरणपत्रांच्या पडताळणीस ३० सप्टेंबर २०२० पर्यंत संधी दिली.

लेखापरीक्षणात तर आणखी पेच होता. वर्षअखेरीस मालाचा साठा प्रत्यक्ष मोजला जातो. ३१ मार्च २०२० रोजी देशभर गोदामांना कुलूप होते. त्यामुळे टाळेबंदी उठल्यावर साठा मोजायचा आणि मधल्या काळातील खरेदी-विक्री वजा-जमा करून ३१ मार्चचा आकडा काढायचा, अशी उलटी गणना करावी लागली. बँका, येणेकरी व देणेकरी यांच्याकडून शिल्लक रकमेची लेखी खातरजमा मिळण्यासही विलंब होत होता. सही लेखापरीक्षकाची असल्याने घाईत झालेल्या चुकीची व्यावसायिक जबाबदारीही त्याचीच असते. दुसरीकडे अहवाल वेळेत दाखल न झाल्यास उलाढालीच्या अर्धा टक्का, कमाल दीड लाख रुपये दंडाची तरतूद आहे आणि तो दंड अशिलाला भरावा लागतो. 'वाजवी कारण' दाखविल्यास त्यातून सुटका होऊ शकते; पण ते कारण नंतर, नोटीस आल्यावर, सिद्ध करावे लागते.

सनदी लेखापालांच्या कार्यालयात बरेचसे काम आर्टिकलशिप करणारे विद्यार्थी करतात. त्यांच्या मे २०२० च्या परीक्षा लांबत गेल्या आणि अखेर नोव्हेंबरच्या परीक्षांत विलीन करण्यात आल्या. म्हणजे ज्या महिन्यांत कामाची सर्वाधिक गर्दी, त्याच महिन्यांत अभ्यासाच्या रजा. त्यातच कार्यालयातील एखाद्यालाच संसर्ग झाला तर सारे विलगीकरणात. करदाता किंवा सल्लागार आजारी पडल्यास आपोआप मुदत वाढेल, अशी तरतूद मात्र कायद्यात नव्हती व नाही. मुदत वाढते ती अधिसूचनेने सर्वांसाठी किंवा अर्ज केल्यावर एकट्यासाठी.

न्यायालयाचे दार

करसल्लागारांच्या गुजरातमधील महासंघाने गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली, ती याच पार्श्वभूमीवर. लेखापरीक्षण अहवालाची मुदत १५ जानेवारी २०२१ रोजी संपत होती. न्यायालयाने मंडळाला १२ जानेवारीपर्यंत निर्णय घेण्यास सांगितले. मंडळाने ११ जानेवारी रोजी मागणी फेटाळली. आधीच तीन वेळा मुदत वाढविली आहे आणि विवरणपत्रे लांबली की करवसुलीही लांबते, असा मंडळाच्या भूमिकेचा सूर होता. १० जानेवारीपर्यंत सुमारे पाच कोटी ९५ लाख विवरणपत्रे दाखल झाली होती. त्यानंतर न्यायालयानेही याचिका फेटाळली. तारीख किती वाढवायची हा प्रामुख्याने प्रशासनाचा निर्णय असून न्यायालय त्यात सहसा हस्तक्षेप करीत नाही, हा त्यातील धडा.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १५ मार्च २०२० पासूनच्या न्यायालयीन कालमर्यादा शिथिल केल्या होत्या आणि जानेवारी २०२२ मधील आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. हा आदेश आपल्या विवरणपत्रालाही लागू आहे, असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा होता. अपील दाखल करण्यास त्याचा लाभ मिळतो, विवरणपत्र भरण्यासारख्या पूर्ततांना नाही, असे जीएसटीच्या बाबतीत जुलै २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट करण्यात आले.

विवरणपत्र पुढे, व्याज चालू

सर्वसाधारण करदात्याला सर्वाधिक फटका बसला तो येथे. वाढीव मुदतीत विवरणपत्र भरले की कलम २३४ए चे व्याज लागणार नाही, अशी समजूत होती. प्रत्यक्षात ही सवलत टीडीएस व अग्रिम कर वजा जाता देय कर एक लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांनाच होती. त्यापेक्षा एक रुपया जास्त असेल, तरी संपूर्ण रकमेवर मूळ तारखेपासून दरमहा एक टक्का व्याज चालू राहत होते.

समजा, एका व्यावसायिकाचा २०१९-२० या वर्षाचा देय कर एक लाख ४० हजार रुपये राहिला होता. त्याने २० डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे वाढीव मुदतीच्या आत, कर भरून विवरणपत्र दाखल केले. मूळ तारीख ३१ जुलै. ऑगस्ट ते डिसेंबर हे पाच महिने. अपुरा महिना पूर्ण धरला जातो. व्याज झाले सात हजार रुपये. अग्रिम कर न भरल्याबद्दलचे व्याज त्याखेरीज. त्याचाच कर ९० हजार असता, तर हे सात हजारांच्या जातीचे व्याज शून्य झाले असते. आणि त्याने एक लाख ४० हजारांचा कर ३१ जुलैपूर्वीच भरून विवरणपत्र मात्र डिसेंबरमध्ये दाखल केले असते, तरीही कलम २३४ए चे व्याज लागले नसते. मूळ तारखेपूर्वी भरलेल्या स्वयंनिर्धारण करावर हे व्याज आकारू नये, असे मंडळाने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१५ मध्येच परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. लाखाच्या पुढचा कर असलेल्याने आधी कर भरावा, मग सवडीने विवरणपत्र, हा यातील साधा नियम.

विलंबशुल्काचीही गंमत झाली. त्या वर्षाच्या नियमानुसार मुदतीनंतर पण ३१ डिसेंबरपूर्वी विवरणपत्र भरल्यास पाच हजार आणि ३१ डिसेंबरनंतर दहा हजार रुपये शुल्क होते. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना एक हजार. मुदतच १० जानेवारी २०२१ पर्यंत गेल्याने पाच हजारांचा टप्पा नाहीसा झाला आणि ती चुकविणारे एकदम दहा हजारांच्या टप्प्यात गेले. २०२१ मध्ये याच्या उलट प्रकार घडला. मुदत वाढलेली असतानाही ३१ जुलैनंतर काही करदात्यांच्या विवरणपत्रांत संगणकप्रणाली व्याज व विलंबशुल्क लावू लागली. प्रणालीतील ही चूक दुरुस्त केल्याचे विभागाने ऑगस्टमध्ये जाहीर केले.

तोट्याचा हक्क वाचला की गेला?

टाळेबंदीच्या वर्षात हॉटेले, मंगल कार्यालये, पर्यटन व्यावसायिक अशा अनेकांना तोटा झाला. व्यवसायातील तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. मात्र त्यासाठी विवरणपत्र देय तारखेच्या आत दाखल झाले पाहिजे. कर भरायचाच नाही, मग विवरणपत्राची घाई कशाला, असे म्हणून जे थांबले, त्यांनी पुढच्या वर्षांची करबचत गमावली. येथे मात्र मुदतवाढीचा खरा उपयोग झाला : वाढीव तारीख हीच देय तारीख ठरत असल्याने त्या आत दाखल झालेल्या विवरणपत्रातील तोटा सुरक्षित राहिला. ज्यांची तारीख हुकली, त्यांच्यासाठी विलंब माफ करण्याचा अर्ज हा मार्ग उरला, त्याची माहिती पुढे दिली आहे.

जीएसटीची पद्धत निराळी

जीएसटीमध्ये बहुतेक वेळा मूळ तारीख न हलविता, ठराविक दिवसापर्यंत विवरणपत्र भरल्यास विलंबशुल्क व व्याजात सवलत, अशी सशर्त रचना करण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या महिन्यांसाठी पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना व्याज माफ होते. त्यावरील व्यापाऱ्यांना पहिले १५ दिवस शून्य आणि नंतर नऊ टक्के. २०२१ मध्ये लहान व्यापाऱ्यांनाही पहिल्या १५ दिवसांनंतर व्याज होते. उलाढालीच्या गटानुसार आणि राज्यानुसार तारखा वेगळ्या असल्याने एकाच सल्लागाराला अशिलागणिक निराळा तक्ता सांभाळावा लागे.

विभागालाही मुदत मिळाली

या सर्वांत कमी चर्चा झाली ती करविभागाला मिळालेल्या मुदतवाढीची. जुनी प्रकरणे पुन्हा उघडण्याच्या नोटिसांची मार्च २०२० मध्ये संपणारी मुदत टप्प्याटप्प्याने वाढत ३० जून २०२१ पर्यंत गेली. मधल्या काळात, १ एप्रिल २०२१ पासून, पुनर्निर्धारणाचा नवा कायदा लागू झाला. त्यात आधी कारणे दाखवा नोटीस देणे बंधनकारक झाले आणि सर्वसाधारण प्रकरणांत तीन वर्षांची मर्यादा आली. तरीही १ एप्रिल ते ३० जून २०२१ या काळात विभागाने सुमारे ९० हजार नोटिसा जुन्याच पद्धतीने काढल्या. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांत त्यांना आव्हान दिले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२२ रोजी या नोटिसा रद्द न करता नव्या कायद्याखालील कारणे दाखवा नोटिसा म्हणून गणण्यास सांगितले. त्यानंतर मुदतीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने साथीतील सवलतीचा कायदा १ एप्रिल २०२१ नंतरही विभागाला उपलब्ध असल्याचा निर्वाळा दिला. करनिर्धारण वर्ष २०१५-१६ च्या १ एप्रिल २०२१ नंतरच्या नोटिसा टिकणार नाहीत, हे मात्र विभागानेच मान्य केले. म्हणजे २०२० मध्ये 'करदात्यांना दिलासा' म्हणून आलेल्या कायद्याच्या आधारे काही करदात्यांना जुन्या वर्षांचे कागद पुन्हा शोधावे लागले.

जीएसटीतही तेच झाले. युद्ध, साथरोग, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा कारणांमुळे कालमर्यादा वाढविण्याचे कलम १६८ए साथीच्या निमित्ताने कायद्यात आले. त्याचा आधार घेऊन २०२३ मध्ये, साथ ओसरल्यावर, सुरुवातीच्या वर्षांची प्रकरणे निकाली काढण्याची विभागाची मुदत वाढविण्यात आली. त्या अधिसूचनांवर उच्च न्यायालयांचे परस्परविरोधी निकाल आले.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये भारतभेटीवर आलेले अनेक अनिवासी भारतीय विमानसेवा बंद झाल्याने येथेच अडकले. भारतातील मुक्कामाचे दिवस वाढले की व्यक्ती 'निवासी' ठरून जगभरातील उत्पन्न येथे करपात्र होऊ शकते. ८ मे २०२० च्या परिपत्रकाने अशा व्यक्तींचे २२ ते ३१ मार्च हे दिवस मोजणीतून वगळले. पुढील आर्थिक वर्षासाठी मात्र सरसकट सवलत मिळाली नाही. दुहेरी कर भरावा लागत असल्यास ठराविक नमुन्यात माहिती द्यावी, एवढेच मार्च २०२१ मध्ये सांगण्यात आले. अमेरिकेत असणाऱ्यांना एक फरक जाणवला असेल. तेथे २०२० मध्ये १५ एप्रिलची तारीख १५ जुलै झाली, तेव्हा विवरणपत्राबरोबर कर भरण्याची तारीखही विनाव्याज पुढे गेली.

घरातील करदात्याचा मृत्यू झाला असल्यास

साथीत अनेक घरांवर हा प्रसंग आला आणि त्यात करविषयक जबाबदारी संपत नाही, हे बहुतेकांना उशिरा कळले. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर वारसाने भरायचे असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मृत व्यक्तीचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडून प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. करदायित्व वारसाला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच असते. टीडीएसचा परतावाही याच मार्गाने मिळतो. कोरोनाच्या उपचारासाठी मालकाकडून वा हितचिंतकांकडून मिळालेली मदत, तसेच मृत्यूनंतर कुटुंबाला मालकाकडून मिळालेली रक्कम करमुक्त करण्याची घोषणा २५ जून २०२१ रोजी झाली. अन्य व्यक्तींकडून मिळालेल्या मदतीस दहा लाखांची मर्यादा ठेवण्यात आली.

आदेश कसा वाचावा?

पुन्हा अशी वेळ आल्यास करदात्यांनी पुढील बाबी तपासाव्यात :

* मुदत नेमकी कशाची वाढली? विवरणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, करभरणा आणि अग्रिम कर या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जून २०२० मधील अग्रिम कराच्या हप्त्याची तारीख पुढे गेली नव्हती.
* मुदत कोणासाठी वाढली? लेखापरीक्षण लागू असणारे व नसणारे, लहान व मोठी उलाढाल यांच्या तारखा वेगळ्या असतात.
* देय कर एक लाखाच्या पुढे आहे का? असल्यास मूळ तारखेपूर्वी कर भरून पावती जपून ठेवावी.
* तोटा पुढे न्यायचा असेल, तर देय तारीख कोणत्याही कारणास्तव चुकवू नये.
* कागद सल्लागाराकडे लवकर पोहोचवावेत. अखेरच्या आठवड्यात आलेल्या कामात चुका राहतात आणि त्यांची नोटीस करदात्याच्याच नावे येते.

आजारपणामुळे तारीख हुकलीच, तरी दोन वाटा उरतात. परतावा किंवा तोट्याचा हक्क अडकला असेल, तर कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हा अर्ज करावा लागतो आणि खरी अडचण होती हे दाखवावे लागते. रुग्णालयाची कागदपत्रे, चाचणीचे अहवाल, विलगीकरणाचे दाखले येथे उपयोगी पडतात. ते त्याच वेळी जमवून ठेवलेले बरे. चार वर्षांनी ते मिळणे कठीण. दुसरी वाट सुधारित अद्ययावत विवरणपत्राची. ही सोय २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी आली आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षे झाली. मात्र त्यासाठी कर व व्याजावर २५ ते ७० टक्के अतिरिक्त रक्कम मोजावी लागते आणि परतावा मागण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

सरकारच्या बाजूनेही एक अपेक्षा रास्त आहे. आपत्तीत तारीख वाढवावी लागणार, हे उघड असताना तो निर्णय अखेरच्या दिवसाच्या आदल्या दिवशी जाहीर केल्याने कोणाचाच लाभ होत नाही. ज्यांनी रात्री जागून काम पूर्ण केले, त्यांना त्याचा उपयोग नसतो आणि जे वाट पाहत थांबले, त्यांना पुढच्या वेळीही थांबण्याची सवय लागते. आधी जाहीर झालेली, सर्व खात्यांनी एकमेकांशी ताळमेळ घालून ठरविलेली आणि व्याजाबाबत स्पष्ट असलेली एकच मुदतवाढ तीन-चार लहान मुदतवाढींपेक्षा करदात्याला आणि त्याच्या सल्लागाराला अधिक उपयोगी पडेल.